उक्कूची तलवार आणि माझी सही

माझ्या थोरल्या दिरांना रविवारची पुरवणी वाचायला बंदी करावी, असं मी पस्तीस वर्षं म्हणते आहे. पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण? आरोग्यावरचा लेख आला की भावोजी आठवडाभर कारल्याचा रस पितात आणि समोर येईल त्याला पाजतात. वास्तुशास्त्रावरचा आला तेव्हा त्यांनी फ्रीज झोपायच्या खोलीत नेला होता. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी पोलादावर लेख आला, आणि त्या खेपेला माझा नंबर लागला.

सकाळी सातला फोन. ते राजाजीनगरला, आम्ही जे. पी. नगरला, मधे अख्खं बेंगळुरू आहे म्हणून आमचे संबंध चांगले आहेत. जगातलं सगळ्यात नामांकित पोलाद आपल्या या भागात व्हायचं हे तुला ठाऊक आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं पोलाद कापलं, घासलं, सूक्ष्मदर्शकाखाली घातलं आणि त्यावर अहवाल लिहून सह्या केल्या. हे मला विचारणं म्हणजे इडलीवाल्याला तांदूळ पाहिलेत का विचारण्यासारखं होतं. तरी मी हो म्हटलं. मग त्यांना त्या ‘वूट्झ’ शब्दाचा अर्थ हवा होता, कारण लेख लिहिणाऱ्याने तो अर्धाच सांगितला होता.

विषय माझा, त्यामुळे मी चहा बाजूला ठेवून बोलत सुटले. जुन्या काळी दक्षिणेत मातीच्या लहानशा मुशीत लोखंडाचे तुकडे, लाकूड आणि पाला घालून तोंड लिंपायचे आणि मूस भट्टीत खूप वेळ तापवायचे. आत लोखंड वितळायचं आणि निवल्यावर मूस फोडली की पोलादाचा लहानसा गोळा हाती यायचा. हे गोळे पार अरबांच्या मुलखापर्यंत जात. त्या गोळ्यांच्या तलवारींवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसे, म्हणून राजेरजवाडे त्यांच्यावर जीव टाकत. कन्नडमध्ये पोलादाला उक्कू म्हणतात, तेलुगूतही तेच, तमिळमध्ये उरुक्कु, आणि त्याचं नातं वितळण्याशी जोडतात. पुढे साहेबांनी ते पोलाद तपासायला विलायतेला नेलं आणि कागदावर नाव घातलं वूट्झ. उक्कूचं वूट्झ कसं झालं, हे कुणालाच धड माहीत नाही. कुणी लिहिणाऱ्याला दोष देतं, कुणी छापणाऱ्याला, आणि कुणी म्हणतं मूळ शब्द निराळाच होता. माझं म्हणणं एवढंच की ज्यांनी भट्टीपुढे बसून हातांची कातडी जाळून घेतली, त्यांना साहेबांनी एकदा नीट विचारलं असतं, तर पुढच्या पंडितांचं एवढं भांडण झालंच नसतं.

आमच्या सांगलीकडचा लोहार पोलादाला तिखं म्हणायचा. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा राजाजीनगरच्या घरात ‘उक्कतंय, उक्कतंय’ अशी ओरड रोज ऐकू यायची, पण ती दुधासाठी. हे सासरचे लोक तीन-चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण दूध उतू जायची घाई आली की कन्नड बाहेर पडतं. तेही मी भावोजींना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले की मग आपली तलवार उक्कूचीच आहे.

ही तलवार म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचं एक पातं. मूठ नाही, टोकही नाही. लाल फडक्यात गुंडाळून ते देव्हाऱ्यामागच्या फळीवर असायचं आणि वर्षातून एकदा, खंडे नवमीला, खाली यायचं. इथे त्या दिवशी आयुधपूजा जोरात असते. रिक्षांपासून छापखान्याच्या यंत्रांपर्यंत सगळ्यांना हार पडतात आणि रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांवरून माणसं घसरतात. पण आमच्या सगळ्या भाऊबंदांना त्या दिवशी जावं असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे माझ्या सासूबाईंचं घर. चाळीस-पंचेचाळीस माणसं सकाळी यायची आणि दिवे लागेपर्यंत हलायची नाहीत. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. नव्वदीला टेकलेल्या अक्कांचं वर्ष एका नवमीपासून दुसऱ्या नवमीपर्यंत मोजलं जायचं. दसरा झाला की पुढच्या वर्षी कोसंबरीला किती डाळ भिजवायची याचा विचार सुरू.

आणि त्या पात्याला अक्कांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा कुळाचार होता. न्हाऊ घालणं, तेल चोळणं, गंधकुंकवाचा जाड लेप देणं, सगळं त्याच करायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला मी मदत म्हणून हात पुढे केला, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली होती. दिवसभर लोखंडाशी झटणारी मी, आणि घरातलं एकमेव बघण्याजोगं लोखंड मला वर्ज्य. माझ्या नाकाला तेव्हा ज्या मिरच्या झोंबल्या, त्या पस्तीस वर्षं उतरल्या नव्हत्या. अक्कांना माझी नोकरी पसंत नाही, असंच मी धरून चालले होते. कुणी विचारलं की माझी सून ‘कब्बिण’ बघते, एवढंच त्या सांगायच्या. कब्बिण म्हणजे साधं लोखंड, आणि त्यांचा स्वरही साधाच असायचा.

भावोजींचा बेत असा होता की मी पातं तपासावं, ते प्राचीन उक्कूचं असल्याचा दाखला लिहावा आणि नवमीला सगळ्यांसमोर त्यावर सही करावी. दाखला लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावायचा होता. लॅमिनेशनच्या दुकानात ते जाऊनही आले होते. मी म्हटलं, तपासल्यावर जे निघेल तेच लिहीन. माझ्या एका सहीपायी कंपन्यांचे ट्रकच्या ट्रक माल घेऊन परत गेले आहेत, आणि एकदा तर खुद्द आमच्या साहेबांनी चहा पाजून विनवलं तरी मी आकडा बदलला नव्हता. भावोजी म्हणाले, म्हणून तर तुझी सही हवी.

अक्कांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी लगेच विरोध केला नाही. फक्त मी पातं बघायला गेले की काहीतरी निघायचं. एकदा अमावास्या होती. एकदा त्यांचे गुडघे धरले होते आणि फळीपर्यंत हात पोचत नव्हता. तिसऱ्या वेळी तर सरळ सांगितलं की तलवारीला आज बरं नाही. मी शास्त्रावर व्याख्यान झाडलं, त्यांनी मला बिसीबेळेभात वाढला, आणि मी पोट भरून परत आले. असं तीनदा झाल्यावर माझं डोकं फिरलं.

नवमीच्या आधीच्या मंगळवारी राहुकाळात अक्का देवळात लिंबाचे दिवे लावायला गेल्या, कामवालीला सोबत घेऊन, रिक्षाने. मी देव्हारा पुसायला म्हणून मागे राहिले. माझ्या पर्समध्ये भिंग, चार प्रकारचे पॉलिश पेपर आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत जुन्या सहकाऱ्याकडून मागून आणलेलं सौम्य आम्ल होतं. साठी उलटलेल्या बाईने सासूच्या देव्हाऱ्यात आम्लाची बाटली उघडावी, हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. पण त्या क्षणी मला शास्त्र म्हणजे फक्त माझंच दिसत होतं.

उक्कूवर आम्ल लावलं की लहरींची नक्षी वर येते. मी पात्याच्या बुडाशी बोटभर जागा निवडली, वर्षानुवर्षांचा तेलकुंकवाचा थर खरवडला, जागा चकचकीत घासली आणि दोन थेंब सोडले. जागा करडी झाली. लहर नाही, नक्षी नाही, सरसकट करडी. मग फडक्याच्या गाठीखालचा भाग उघडला, तर तिथे पात्याच्या काठावर अर्धं गोल भोक होतं, यंत्राने पाडावं तसं गुळगुळीत. आता याला भिंगाची गरज नव्हती. लॉरीच्या खाली ओझं पेलायला कमानीचे पाटे असतात, एकावर एक बसवलेले, आणि मधोमध बोल्टसाठी भोक. आमचे पूर्वज ज्या फौजेतून आले त्या फौजेत लॉऱ्या नव्हत्या, एवढा इतिहास मलाही येतो.

खरं सांगते, मला आधी हसू आलं. मग आनंद झाला, आणि तो चांगल्या जातीचा आनंद नव्हता. पस्तीस वर्षं ज्याला हात लावू दिला नाही ते हे, असं मी मनात म्हणत होते. तेवढ्यात मागे काठी टेकल्याचा आवाज आला. देवळात गर्दी फार म्हणून अक्का लवकर परतल्या होत्या. त्या दारात उभ्या राहून माझ्या हातातल्या बाटलीकडे आणि पात्यावरच्या त्या चकचकीत डागाकडे बघत होत्या. डाग लपवायची सोय नव्हती.

“कळलं तुला?” त्यांनी विचारलं.

“लॉरीचा पाटा आहे, अक्का.”

त्या हळूहळू येऊन पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, “पण चांगला आहे ना?”

सवयीने मी उत्तर देऊन गेले, की पाणी नीट दिलंय, माल उत्तम आहे. त्यांचा चेहरा उजळला. इथल्या शिवाजीनगरच्या ज्या लोहाराने ते केलं, तोही तेव्हा तेच म्हणाला होता, म्हणाल्या, की बाई, तुमच्या नातवंडांना पुरेल. मग तुकड्यातुकड्याने त्यांनी सांगितलं. लग्नानंतर वर्षभरातच त्यांच्या हातून खरी तलवार घराबाहेर गेली. कशी ते विचारू नकोस, म्हणाल्या. नवमी आठ दिवसांवर आली तेव्हा शेजारणीला घेऊन त्या बसने शिवाजीनगरला गेल्या, एका गॅरेजमागच्या लोहारापुढे हात लांब करून माप दाखवलं आणि हे पातं करून आणलं. त्यांच्या सासूबाईंनी ते नवमीच्या सकाळी हातात घेतलं, एकदा वजन बघितलं, आणि काही न बोलता परत दिलं. मग सगळ्या घराला सांगितलं, की यापुढे याला सुनेशिवाय कुणी शिवायचं नाही. कुळाचार तो, आणि त्याचं वय जेमतेम भावोजींएवढं.

मी तिथेच जमिनीवर बसले. मला लाज वाटली. माझ्या मनगटावरची ती चापट मी इतकी वर्षं अपमान म्हणून सांभाळली होती, आणि ती बाई नुसती घाबरलेली होती.

“आता काय लिहिणार?” अक्कांनी विचारलं. आणि त्याच पुढे बोलल्या. “हल्ली लोक लग्नालाही स्वल्प वेळ येतात, जेवतात, जातात. नवमीला तेवढे दिवसभर बसतात माझ्याकडे. लॉरीच्या पाट्यासाठी कोण बसेल गं?”

तुम्ही सांगाल ते लिहीन, असं मी म्हटलं.  त्यांनी डागावर कुंकवाचा लेप दिला, जरा जास्तच जाड, आणि पातं फडक्यात गुंडाळून ठेवलं.

घरी येऊन मी दाखला लिहायला बसले. ‘तपासणीअंती हे पातं प्राचीन उक्कू पोलादाचं असल्याचं आढळलं.’ एवढं एक वाक्य, पण त्यापायी मी पाच कागद फाडले. तीस वर्षांत कधी घोडं असं पेंड खात बसलं नव्हतं. नवऱ्याने विचारलं, एवढं काय लिहितेस, मृत्युपत्र का. मी त्याच्यावर उगाच खेकसले. खोटं लिहायचं मी ठरवलं होतं; फक्त हाताला ते अजून पटत नव्हतं.

नवमीला माणसं नेहमीपेक्षा जास्तच आली, कारण भावोजींनी सगळ्यांना फोनवर निरोप पाठवले होते. पुऱ्या झाल्या, कोसंबरी झाली, अंगणातल्या स्कूटरांनाही हार घालून झाले. मग भावोजी नवीन सिल्कचा शर्ट घालून भाषणाला उभे राहिले. मी फोनवर जे सांगितलं होतं त्यातलं बरंच त्यांनी सांगितलं, आणि न सांगितलेलं त्याहून बरंच. साहेबांनी उक्कूचं नाव मुद्दाम बिघडवलं, म्हणजे आपण त्यावर हक्क सांगू नये, असा शोध त्यांनी लावला होता. आमचे मूळ पुरुष गेल्या वर्षीपर्यंत साधे शिपाई होते. या वर्षी ते शंभर घोडेस्वारांचे नायक झाले. अजून दोन नवम्या गेल्या असत्या तर त्यांना गादीवर बसवावं लागलं असतं. लोक मात्र मन लावून ऐकत होते. आणि भावोजी हे सगळं अगदी मनापासून बोलत होते. बापाचा चेहराही न आठवणाऱ्या या माणसाला कुणाचा तरी वारस व्हायचं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यांनी मला पुढे बोलावलं. दाखला स्टुलावर ठेवला, खास आणलेलं पेन माझ्या हातात दिलं. चार पोरांनी मोबाइल वर धरले. मी चष्मा लावला. मी वाकले. पेन कागदाला टेकलंही होतं.

“सही करू नकोस,” अक्का म्हणाल्या.

त्या देव्हाऱ्याजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. आवाज मोठा नव्हता, पण त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. भावोजी हसून म्हणाले की अक्का, आयुधपूजेला अवजारं वापरत नाहीत, पेन चालतं. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बोट करून बोलत होत्या.

“हिने उभ्या जन्मात खोट्यावर सही केलेली नाही. मोठमोठ्या साहेबांनी सांगितलं तरी नाही. मला माहीत आहे, मी सगळ्यांना सांगत आले. आज माझ्यासाठी करायला निघाली. ते मला नको.”

सगळ्यांना सांगत आले. हे मला कधीच कळलं नव्हतं. पेन स्टुलावर ठेवून मी त्यांच्याकडे बघत राहिले. आणि अक्कांनी पन्नास-साठ माणसांसमोर, हात मांडीवर ठेवून, सगळं सांगून टाकलं. पातं लॉरीच्या पाट्याचं आहे. शिवाजीनगरला केलेलं आहे. ही सूनबाई चांगली तपासनीस आहे, तिला तेव्हाच कळलं. आणि खरी तलवार आपण स्वतः दारावरच्या माणसाला दिली.

कुणीतरी ‘अय्यो’ म्हटलं.  मी माझ्या धाकट्या चुलत जावेकडे बघितलं तर ती चप्पल शोधायला निघाल्यासारखी दाराकडे बघत होती, आणि मला अक्कांचा प्रश्न आठवला, लॉरीच्या पाट्यासाठी कोण बसेल? भावोजी तसेच उभे होते, शर्टाचं वरचं बटण उगाच काढत आणि लावत.

“दिली?” ते म्हणाले. “कशासाठी दिली?”

“खजुरासाठी.”

आता अक्का फक्त त्यांच्याशीच बोलत होत्या. पूर्वी जुनं लोखंड घेऊन खजूर देणारा माणूस दारावर यायचा. अक्का अठरा वर्षांच्या, सहावा महिना चाललेला, आणि सारखी एकाच गोष्टीची वासना. घरात मागायची लाज वाटे. खजुराची हातगाडी आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. त्यांनी फुटकी कढई दिली, तुटकी कडी दिली, पण तो म्हणाला एवढ्यात फार येत नाही. मग त्यांनी माळ्यावरची गंजलेली पट्टी काढून दिली. नवीन सून, पहिल्या नवमीला माहेरी होती, ती पट्टी काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ओंजळ भरून खजूर दिले. त्यांनी दाराआड बसून, एकटीने, सगळे खाल्ले.

“तू पोटात होतास,” अक्का म्हणाल्या. “तुलाच हवे होते. मला कधीच आवडले नाहीत खजूर, आधी नाही आणि नंतरही नाही.”

भावोजी खाली बसले, सिल्कच्या शर्टासकट, जमिनीवर, आईच्या खुर्चीपाशी.  मग लहान आवाजात म्हणाले, “गोड होते का?”

“खूप,” अक्का म्हणाल्या. “आणि ती तलवार आहे, हे तेव्हा माहीत असतं ना, तरी दिली असती.”

सत्तरीच्या भावोजींनी आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. अक्कांनी त्यांच्या टकलावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या की कॉफी ठेव सगळ्यांना. मी उठले तर जाऊही दारातून परत फिरून माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. दुधाचं मोठं पातेलं चढवता चढवता ती मला विचारत होती की तिच्या सासूने तिच्या नवऱ्याच्या वेळी काय दिलं असेल. बाहेर सगळे त्या खजूरवाल्याचीच चर्चा करत होते, एक मावशी तर त्याची आरोळी कशी होती ते करून दाखवत होती. कॉफी दोनदा झाली, दिवे लागले, तरी कुणी उठायचं नाव घेत नव्हतं.